फुसकी गोळी

रामेश्वर मूळचा जाफराबादकडचा. वाळूजच्या फाउंड्रीत धातू ओतायला शिकला आणि त्याच कसबावर कतारला आला. समैस्मा गावाच्या पलीकडे, माळावरच्या एका नेमबाजी क्लबात त्याला काम मिळालं. शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओतायच्या, वापरलेल्या पितळी पुंगळ्यांच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी कॅप बसवून पुन्हा दारू भरायची आणि वर गोळी दाबून बसवायची. हे काम त्याला शिकवलं शस्त्रागार सांभाळणाऱ्या उस्मानभाईंनी. ते श्रीवर्धनचे. त्यांचं एकच सांगणं असायचं, "गोळी बसवायच्या आधी प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारून बघ. दारू दुसऱ्यांदा माफ करत नाही."

अबू राशिद हे क्लबचे जुने सभासद. त्यांच्याकडे जुन्या धाटणीची लिव्हर रायफल होती. दस्त्याखालची लिव्हर खाली ओढून वर घेतली, की रिकामी पुंगळी बाहेर पडे आणि नवं काडतूस आत जाई. गोळी करंगळीएवढी जाड. ती काडतुसं रामेश्वरच भरायचा.

त्या शुक्रवारी सकाळी अबू राशिद नेम धरून उभे होते. शेजारच्या लेनवर त्यांचा मुलगा राशिद तसलीच रायफल घेऊन होता. दोघांची काडतुसं एकाच डब्यातली. पहिले काही बार दणदणीत झाले. मग अबू राशिदांच्या रायफलीतून नुसतं फट्‌ झालं. ना धक्का, ना धूर.

रामेश्वरनं ओळखलं. पुंगळीत दारूच नव्हती, नुसत्या कॅपच्या जोरानं गोळी नळीत जाऊन अडकली होती. म्हाताऱ्याचा हात सवयीनं लिव्हरकडे गेला. आता दुसरा बार झाला तर नळी तोंडावर फुटणार.

"थांबा!" तो मराठीतच ओरडला. कानावरच्या मफमुळे अबू राशिदांना काहीच ऐकू गेलं नाही. रामेश्वरनं झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं. सभासदाच्या अंगाला हात! अबू राशिदांचे डोळे लाल झाले.

तेवढ्यात रामेश्वरला दुसरी गोष्ट आठवली. आदल्या दिवशी दारू भरताना शिशाची गाडी आली म्हणून तो उठून गेला होता. परत आल्यावर कामगारांच्या कॅम्पची बस सुटेल या घाईत त्यानं बॅटरी मारलीच नव्हती. एक पुंगळी रिकामी राहिली, म्हणजे तिची दारू शेजारच्या पुंगळीत पडली असेल तर? अशी दुप्पट भरलेली पुंगळी वरून ओळखू येत नाही.

राशिदनं रायफल खांद्याला लावली होती.

रामेश्वर धावला. बाजूनं हात घालून त्यानं राशिदच्या रायफलीची नळी खाली दाबली. "खलास! मत चलाओ!"

उस्मानभाई पळत आले. अबू राशिदांच्या रायफलीत सळई घातली, ती मध्येच अडली. ते रामेश्वरच्या कानाशी वाकले. "कॅप खराब होती म्हण. दारूचं नाव काढू नकोस, घरी पाठवतील."

"मग या डब्यातली बाकीची काडतुसं परत कोण मागणार, उस्मानभाई?" रामेश्वर म्हणाला.

त्यानं अबू राशिदांकडे वळून सरळ सांगितलं, "गलती मेरी है, बाबा. सब काडतूस वापस दो."

सगळी काडतुसं टेबलावर आली. उस्मानभाईंनी राशिदच्या रायफलीतलंही बाहेर काढलं. ओतीव गोळ्या वजनाला थोड्या कमीजास्त असतातच. त्यामुळे नुसतं काडतूस तोलून दुप्पट दारू कळली नसती. एकेक गोळी उपसून दारू ताटलीत ओतायची. रामेश्वर एकेक काडतूस उघडत गेला. बापलेक समोर उभे राहून बघत होते.

राशिदच्या रायफलीतून निघालेल्या काडतुसाची दारू ताटलीत पडतच राहिली. इतरांच्या दुप्पट.

राशिदनं आपली रायफल टेबलावर ठेवली. अबू राशिदांनी ताटलीकडे बघितलं, मग रामेश्वरकडे. त्यानं मघाशी धरलेलं आपलं मनगट चोळत ते मुलाला घेऊन निघून गेले.

क्लबनं रामेश्वरला काढलं नाही, पण दारू भरण्याचं काम काढून घेतलं. आता तो फक्त गोळ्या ओततो. अबू राशिद येतात, कंपनीची काडतुसं वापरतात, सलामाला मान हलवतात. काही महिन्यांनी उस्मानभाई म्हणाले, "मॅनेजरशी बोलू का? पुन्हा बसशील भरायला?"

रामेश्वर साच्यातून गरम गोळी झटकत म्हणाला, "नको इतक्यात. अजून तो फट्‌ आवाज कानातून गेला नाही."