भिंतीवरचे ठोके

बेरिल हार्टलीने लोकरीच्या गिरणीत चाळीस वर्षं कापडातले दोष शोधले. विणून आलेला तागा उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीखाली टेबलावर पसरायचा, त्यावरून बोटं फिरवायची आणि तुटलेला धागा सापडला की सुईने असा भरायचा, की विणणाऱ्यालाही कळू नये. गिरणी बंद पडली, तिथे आता महागडे फ्लॅट झाले, पण बाईची नजर काही निवृत्त झाली नाही. ती टीव्हीकडे वळली, आणि तेव्हापासून आमच्या गल्लीत कुठल्याही सरदारपुत्राला सुखाने प्रेम करता येईना.

जुन्या काळातल्या मालिकेत नायिका घोडागाडीतून उतरली की आम्हा बाकीच्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. बेरिल म्हणायची, "बाही मशीनवर शिवलीय. त्या काळात मशीन कुठलं आलं?" नायिका क्षयाने खोकून खोकून मरत असायची आणि ही तिच्या झालरीचे टाके मोजत बसायची.

खुनाच्या मालिकांत मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. माणूस तोंडाने खोटं बोलतो, तेव्हा तोंडाकडे बघूच नये, असं तिचं म्हणणं होतं. तिचा नवरा क्लिफर्ड बस चालवायचा. त्याला मालिकेतल्या जुन्या मोटारी आवडायच्या, आणि खुनी कोण याबद्दल त्याचं मत पहिल्या पाच मिनिटांत ठरलेलं असायचं. "पाद्रीच. गोड बोलतोय मेला." तीस वर्षं तो हेच म्हणत आला. दोनदा खरंच पाद्री निघाला, तेव्हा सोमवारी त्याच्या बसमधल्या प्रत्येक उतारूला ती बातमी कळली.

मी त्यांच्या शेजारची. मार्जरी. शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं पोरांना बटाटे वाढले. माझा नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षीच दुसरीच्या घरी राहायला गेला, त्यामुळे रिमोटवरून माझ्याकडे कधी भांडण झालं नाही. आमची घरं एकमेकांना चिकटलेली, मध्ये एकच भिंत, आणि तीही नावाला. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला तोंडही होतं.

रविवारी रात्री नऊला मालिका लागली की दोन्ही घरांत तीच. खुनी जिला आधी कळेल तिने भिंतीवर दोन ठोके द्यायचे. दुसरीने दोन ठोक्यांनी उत्तर द्यायचं, म्हणजे "ऐकलं, आता बघू." त्यानंतर शेवट होईपर्यंत कोणी जागचं उठायचं नाही. सोमवारी सकाळी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना नावं सांगायची. त्या ठोक्यांसाठी बेरिलने विस्तव सारायची लोखंडी सळई जपून ठेवली होती. शेगडी जाऊन गॅस आल्याला वीस वर्षं झाली होती. मी दोन-तीनदा सोमवारी नाव बदलून सांगितलं, हे आता कबूल करायला हरकत नाही. बेरिलने कधी बदललं नाही.

अशीच वर्षं गेली. आम्ही एकमेकींच्या घरी फारशा जात नव्हतो. आमच्याकडे शेजार म्हणजे कुंपणापलीकडून बोलायचं, आजारपणात सूप पोचवायचं आणि काही खुपलं तर मूग गिळून बसायचं.

तो नोव्हेंबरमधला एक रविवार होता. मालिकेतला शेवटचा जाहिरातींचा वेळ संपला होता, अकरा मिनिटं उरली होती. इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं होतं. इतक्यात भिंतीवर ठोके पडले. मला वाटलं, आज बाईसाहेबांना जरा उशिराच कळलं. मी माझ्या लाटण्याने दोन ठोके परत दिले. हसलेही. आणि शेवट बघत बसले.

ठोके दोन नव्हते. पाच होते, आणि सळईचे नव्हते, मुठीचे होते. मी ते मोजले नव्हते असं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. मोजले होते.

मालिका संपली, मेलेल्याची वहिनी खुनी निघाली. मी चहा टाकायला उठले तर खिडकीतून दिसलं की बेरिलचं पुढचं दार सताड उघडं आहे आणि घरातला उजेड फुटपाथवर पडलाय. मी स्वयंपाकघरातल्या सपाता घालूनच धावले. क्लिफर्ड जमिनीवर आडवा होता, त्याचं डोकं बेरिलच्या मांडीवर होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आलीस."

बाकी काही नाही. फोन मी केला. छाती मी दाबली. शाळेत दर वर्षी आम्हाला ते शिकवायचे आणि मी त्यात पहिली यायचे. गल्लीत एकदा पोस्टमन कोसळला होता, त्याला मीच परत आणला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच बेरिलने आधी भिंत ठोकली. उत्तर आलं म्हणून तिने माझ्यासाठी दार उघडून ठेवलं. आणि मी येतेच आहे म्हणून फोनकडे न जाता त्याचा हात धरून बसली. हे मला कोणी सांगितलं नाही, त्या उघड्या दारावरून मीच जुळवलं. इतक्या वर्षांत मी एकटीने सोडवलेलं ते एकच कोडं.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, कदाचित काहीच उपयोग झाला नसता. त्या 'कदाचित'ला धरून मी पुढचे दिवस काढले. प्रार्थनामंदिराच्या हॉलमध्ये अंत्यविधीनंतरचा चहा झाला, मी एकशे वीस सँडविच केली. लोक म्हणत होते, मार्जरी होती म्हणून बरं. बेरिल ते ऐकत होती.

पुढच्या रविवारी संध्याकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. बोलवायला म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. म्हणाली, "आठला ये माझ्याकडे. भिंतीची भानगड आता नको."

मी गेले. आज बोलणार, असं धरूनच गेले. तिने चहा दिला, आल्याची बिस्किटं दिली, आणि मी भिंतीकडेच्या लाकडी खुर्चीवर बसायला लागले तर म्हणाली, "तिथे नको. त्याच्या खुर्चीत बस. ती रिकामी मला बघवत नाही." मी क्लिफर्डच्या खुर्चीत बसले. खुर्चीला त्याच्या तंबाखूचा वास होता. त्या दिवशी पडद्यावर काय चाललं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

असे नऊ वर्षांचे रविवार झाले. दर रविवारी मला वाटायचं, आज. ती म्हणायची, "हे पडदे त्या काळातले नाहीत." ती म्हणायची, "माळ्याचे हात बघ, या माणसाने जन्मात कुदळ धरलेली नाही." माझ्या जिवाची घालमेल चालायची आणि तिचं लक्ष माळ्याकडे. कधी कधी मला तिचा राग यायचा. एकदाचं बोलून टाक बाई, शिव्या दे, माझ्या तोंडावर दार लाव, असं वाटायचं. मग लाज वाटायची. बोलायचं तर मी होतं.

त्या नोव्हेंबरच्या रात्रीचा भाग दुपारच्या जुन्या मालिकांत दोन वर्षांतून एकदा लागतोच. मी पेपरात आधीच बघून ठेवायचे आणि त्या दिवशी अंगणात काहीतरी काम काढायचे. बाहेर यावं तर पलीकडे बेरिल आधीच गुलाबाची छाटणी करत असायची. एकदा तर भर जूनमध्ये. जूनमध्ये गुलाब कोणी छाटत नाही हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

गेल्या फेब्रुवारीत तिच्या पोटात दुखायला लागलं आणि एप्रिलमध्ये डॉक्टरांनी हात टेकले. दवाखान्यात मरायला ती तयार नव्हती. तिथल्या टीव्हीला पैसे पडतात आणि शेजारच्या खाटेवरची बाई शेवट सांगून टाकते, असं तिने नर्सला ऐकवलं. पलंग खाली पुढच्या खोलीत आणला. सकाळी नर्स यायची, दुपारपासून मी. आता रविवारची वाट बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून आम्ही रोज दुपारी जुने भाग बघायला लागलो. तिला बहुतेक सगळे पाठ होते. तरी ती बघायची. खुनी माहीत असला की बाकीच्यांची कीव नीट करता येते, म्हणायची.

मेमधला गुरुवार होता. पडद्यावर एका हवेलीत सगळे जमले होते, बाहेर पाऊस, आत शेकोटी, इन्स्पेक्टर खिशात हात घालून उभा. बेरिलचा चेहरा उशीएवढा पांढरा झाला होता. मला एकदम कळलं की आता वेळ फार उरलेली नाही. मी रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

"अगं, सांगतोय ना तो," बेरिल म्हणाली.

"बेरिल, त्या रात्री मी ठोके ऐकले होते."

ती छताकडे बघत म्हणाली, "ते मला माहीत आहे. उत्तर मीच ऐकलं ना."

"मला वाटलं तुला खुनी कळला."

"तेही माहीत आहे."

"मग नऊ वर्षांत एकदा तरी बोलायचंस."

तिने पाणी मागितलं. मी पाजलं. दोन घोटांना बराच वेळ लागला. मग ती थांबत थांबत बोलली.

"इतक्या मालिका बघितल्यास, मार्जरी. शेवटी काय करतात? सगळ्यांना एका खोलीत बसवतात आणि कोणी केलं ते सांगतात. झालं. मग सगळे आपापल्या वाटेने निघून जातात. त्या घरात परत कोणी कोणाकडे चहाला आलेलं तू कधी बघितलंस? मी सांगितलं असतं तर तू आली नसतीस. मला रविवारी कोणीतरी यायला हवं होतं. तुझ्याशिवाय होतं कोण?"

मी रडले. आमच्यात हे असं कोणासमोर करत नाहीत, पण मी रडले, आवाज करून. तिने मला रडू दिलं. सांत्वन केलं नाही.

शेवटी मी विचारलं, "माझा राग यायचा?"

"यायचा. तू त्या खुर्चीत बसून बिस्किट खायचीस ना, तेव्हा फार यायचा."

"आणि आता?"

खोटं बोलायची तिला सवयच नव्हती. "आता दमलेय गं," ती म्हणाली. "रविवारी विचार. आणि तो टीव्ही लाव, बघू तरी."

मी टीव्ही लावला. तोवर सगळं सांगून झालं होतं आणि पडद्यावर नुसती नावं सरकत होती.

शुक्रवारी ती झोपूनच होती. शनिवारी सकाळी नर्सने माझ्या दाराची घंटा वाजवली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. मी जाऊन बेरिलचे केस विंचरले आणि तिला तिचा निळा ब्लाउज घातला, हाताने शिवलेला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिने काय उत्तर दिलं असतं याचा मी अजून अंदाज करते, कधी एक, कधी दुसरं. त्या रविवारी आठला मात्र मी आल्याची बिस्किटं ताटलीत काढली, किल्ली घेतली आणि तिच्या दारापर्यंत गेलेही होते.