निळी वॉटरबॅग

श्रीकृष्णराव पांढरीपांडे यांना चहा पाजून दाखवणारा माईचा लाल यवतमाळात अजून जन्माला यायचा होता. प्रयत्न पुष्कळांनी केले. कोणी कटिंग पाजायला निघाला, कोणी स्पेशल, एकाने तर बदाम घातलेलं दूध थर्मासात भरून आणलं. श्रीकृष्णराव दोन्ही हात छातीसमोर उभे धरायचे, पोलिसाने ट्रक थांबवावा तसे, आणि म्हणायचे, "माफ करा. ज्याचं काम आपल्याकडे आहे, त्याचं पाणीही घ्यायचं नाही. आमच्या वडिलांचा नियम आहे." वडील कोर्टात कारकून होते. त्यांनी मागे ठेवलेल्या इस्टेटीत हा नियम आणि एक छत्री एवढंच होतं. छत्री हरवली. नियम मात्र श्रीकृष्णरावांनी जपला, थोडा मिरवलाही.

आधी ते जिनिंग फॅक्टरीत हेडक्लार्क होते. कापसाचा ट्रक आला की बाही वर करून कोपरापर्यंत हात आत खुपसायचा आणि वजन वाढवायला कापसावर कोणी पाणी मारलंय का ते सांगायचं, हे त्यांचं खास काम. मग कापसाचे दिवस फिरले आणि जिनिंगला कुलूप लागलं. शेठजींनी आर्णी रोडवर मोटारींची शोरूम काढली. कापूस बुडाला त्याच वर्षांत यवतमाळात मोटारी विकू लागल्या, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. त्यात नवल कसलं? जिल्ह्याचे हाल झाले म्हणून सरकारचं पॅकेज आलं, पॅकेज बघायला साहेब आले, साहेबांच्या मागे ठेकेदार आले आणि ठेकेदारांना गाड्या लागल्या.

या गाड्या नागपूरहून यायच्या. सुरुवातीला ड्रायव्हर त्या चालवतच आणायचे. पण कोऱ्या गाडीला वाटेत खडे लागत, आणि एका गाडीच्या मागच्या सीटवर तर भज्यांच्या तेलाचा डाग निघाला. गाडी डॉक्टरीणबाईंची होती. त्यांनी तो डाग शेठजींना बोट लावून दाखवला. तेव्हा ठरलं की यापुढे गाड्या ट्रकवर चढवून आणायच्या. ट्रकांना काय तोटा! कापूस नाही म्हणून जिल्ह्यातले निम्मे ट्रक लिंबाखाली उभे होते. आता त्यांतून नेमका कोणाचा घ्यायचा?

"पांढरीपांडे, तुम्ही बघा," शेठजी म्हणाले. "माणूस ओळखावा तर तुम्हीच."

या एका वाक्याने श्रीकृष्णराव दोन इंच उंच झाले. त्यांची मूळची उंची पाहता ते आवश्यकही होतं.

तपासणीची पद्धत त्यांनी स्वतःच शोधून काढली. परमिट, विमा, फिटनेसचे कागद तर कोणीही बघेल. श्रीकृष्णराव स्कूटरवर बसून थेट ट्रकवाल्याच्या घरी जायचे आणि तीच स्कूटर त्याच्या ट्रकवर चढवायला लावायचे. "ही मोटार आहे असं समजा आणि बांधा." मग ट्रक गावातल्या सर्वांत वाईट रस्त्यावरून एक चक्कर मारून यायचा. गावोगावी सर्वांत वाईट रस्ता कोणता यावर वाद व्हायचे, कारण स्पर्धा चुरशीची होती. परत आल्यावर स्कूटर इंचभरही हललेली दिसली तर ट्रक नापास.

आणि स्कूटरच्या हुकाला वॉटरबॅग. ही त्यांच्या मुलीची, प्राचीची. तिने शाळेत चौथीपर्यंत वापरलेली निळी वॉटरबॅग, तिच्यावर बदकाचं चित्र. चोच झिजली होती, पण बदक ओळखू यायचं. कोणाकडे पाणी प्यायचं नाही तर स्वतःचं न्यावं लागतंच. पन्नाशीचा, चष्मा लावलेला, गंभीर चेहऱ्याचा माणूस गळ्यात बदकाची वॉटरबॅग अडकवून ट्रकच्या चाकांभोवती फिरतोय, हे दृश्य त्या उन्हाळ्यात बऱ्याच गावांनी पाहिलं.

मे महिन्यातल्या एका दुपारी ते बाभुळगावच्या पुढे एका बंजारा तांड्यावर गेले. पूनमसिंग राठोडचा ट्रक तिथे होता. पूनमसिंग चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने ट्रक धुऊन ठेवला होता, चाकांखाली घालायला लाकडी ठोकळे करून घेतले होते आणि बांधायच्या पट्ट्यांनी गाडीचा रंग खरवडला जाऊ नये म्हणून गोणपाटाच्या पट्ट्या शिवून घेतल्या होत्या. स्कूटर चढली. ट्रक नाल्यातून, दगडांवरून, बैलगाडीच्या चाकोरीतून जाऊन आला. स्कूटर जागच्या जागी! घरच्या ओसरीवर लावल्यासारखी उभी.

ऊन असं होतं की कुत्रीही भुंकायच्या आधी विचार करत होती. श्रीकृष्णराव खाटेवर टेकले. पूनमसिंगची आई, हंसाबाई, पितळी तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आली. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि ही तर अख्ख्या तांड्याची याडी होती.

"घ्या साहेब. लई उन्हाचं आले."

श्रीकृष्णरावांचे दोन्ही हात वर गेले. "नको, नको. माफ करा. माझा नियम आहे."

हंसाबाई तांब्या घेऊन आत गेली. श्रीकृष्णरावांनी गळ्यातली वॉटरबॅग काढली, टोपण उघडलं आणि तिथेच खाटेवर बसून आपलं पाणी गटागटा प्यायले. समोर, दोरीच्या खाटेवर, धावजी नावाचा म्हातारा बसला होता. तो बदकाकडे बघत होता.

पुढच्या आठवड्यात कळंब. मंदाररावांचा ट्रक. घर चिंतामणीच्या देवळापासून जवळ. ओसरीवर टेकताच ओळखी निघाल्या. मंदाररावांची आत्या श्रीकृष्णरावांच्या पत्नीच्या, सुमेधावहिनींच्या, माहेरी शेजारी राहायची. म्हणजे घरचंच माणूस! चतुर्थीचा दिवस होता. साबुदाण्याची उसळ आली, दही आलं, वर चहा आला. श्रीकृष्णरावांनी उसळ दोनदा घेतली. स्कूटर चढवून ट्रक चक्कर मारून आला तेव्हा ती डावीकडे चांगलीच कलली होती. "रस्ताच खराब आहे," श्रीकृष्णराव म्हणाले. आणि निकाल लागला. कळंब पास. बाभुळगाव नापास, कारण तिथे ट्रक उभा करायला कुंपणाची जागा नाही. कारण खोटं नव्हतं. कळंबला भक्कम कुंपण होतं.

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती, तर श्रीकृष्णराव आजही नियमाचे पक्के म्हणून यवतमाळात ताठ चालले असते. पण दसरा आला. दसऱ्याच्या मुहूर्ताला गाड्या बऱ्याच हव्या होत्या आणि मंदाररावांचा एक ट्रक पुरणार नव्हता. शेठजींनी निरोप धाडले आणि एका सकाळी पूनमसिंग शोरूमच्या काचेच्या दारातून, चपला बाहेर काढून, आत आला.

श्रीकृष्णरावांना आनंद झाला. चांगला ट्रक हातचा गेल्याची हळहळ त्यांना होतीच. "या, या, बसा! रामराव, पाणी आणा!"

शिपाई रामराव ट्रेमध्ये ग्लास घेऊन आले. पूनमसिंगने दोन्ही हात छातीसमोर उभे धरले.

"नको साहेब. आमचाबी नियम हाय."

श्रीकृष्णराव हसले. "वा! शिकलात म्हणजे आमच्याकडून!"

"शिकलो ना. फक्त मी कोनाचंच पेत नाई. तुमचं कळंबले चालते म्हने."

"कोण म्हणालं?"

"मंदारभाऊच सांगत होते, ट्रक अड्ड्यावर. साहेब लई प्रेमळ मानूस, उसळ दोनदा घेतली म्हने." पूनमसिंगचा आवाज चढला नव्हता. "मले ट्रक नापास झाला याचं काई नाई साहेब. कुंपन नाई तर नाई. पन याडी तवापासून मले विचारून राह्यली, साहेबानं आपलं पानी काहून नाई घेतलं? मी सांगलं, साहेबाचा नियम हाय, थे कोनाचंच घेत नाई. आता तिले काय सांगू, थे तुमी सांगा."

शोरूममध्ये नवी गाडी बघायला आलेलं एक जोडपं गाडीकडे बघायचं सोडून इकडे बघू लागलं. रामराव ट्रे धरून उभेच. जिनिंगमध्ये पंचवीस वर्षं ज्याचा हात कापसातलं पाणी अचूक ओळखायचा, त्या माणसाला आपल्या स्वतःच्या आत काय ओलं आहे ते कधी कळलंच नव्हतं. आता कळलं आणि कानशिलं तापली.

"विचार करा," पूनमसिंग म्हणाला, आणि बाहेर जाऊन चपला घालू लागला.

संध्याकाळी घरी त्यांनी सुमेधावहिनींना सगळं सांगितलं. वहिनी मेथी निवडत होत्या.

"अहो, कळंबचं वेगळं," त्या म्हणाल्या. "ते आपल्यातले."

बोलून झालं आणि त्यांचा हात मेथीतच थांबला. हे वाक्य या घरात हजारदा बोललं गेलं असेल, पण इतकं मोठ्याने कधी ऐकू आलं नव्हतं. वहिनींनी मान खाली घातली आणि निवडलेल्या काड्या पुन्हा निवडू लागल्या. श्रीकृष्णराव त्या रात्री जेवले, पण आमटीत मीठ नव्हतं हे त्यांना कळलं नाही. ते आयुष्यात पहिल्यांदाच.

रविवारी ते तांड्यावर गेले. वॉटरबॅग मुद्दाम घरी ठेवली. हुक मोकळा हलत होता, आणि बाभुळगाव येईपर्यंत त्यांना चारदा वाटलं की काहीतरी पडलं.

हंसाबाई अंगणात तूर पाखडत होती. पूनमसिंगने खाट टाकली. धावजी आपल्या खाटेवर जसा मे महिन्यात होता तसाच होता. पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या. अर्धा तास झाला. पाणी काही येईना. का यावं? ज्याला नको ते पुन्हा पुढे करायला हंसाबाई काय वेडी होती? श्रीकृष्णरावांच्या घशाला कोरड पडली. शेवटी त्यांनीच तोंड उघडलं.

"याडी, थोडं पाणी मिळेल का?"

सूप थांबलं. "काहून? तुमची बदकाची बाटली फुटली का?"

धावजी खो खो हसला. पूनमसिंग दुसरीकडे बघू लागला. श्रीकृष्णरावही हसायला गेले, पण अर्ध्यावरच राहिलं.

हंसाबाईने तांब्या आणून दिला. तोच पितळी तांब्या. श्रीकृष्णरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला, मान मागे टाकली आणि वरून धार धरणार, तेवढ्यात थबकले. वरून? म्हणजे पुन्हा तेच! यांच्या भांड्याला आपला ओठ लागता कामा नये, असंच ना हे? छे, आज नाही. आज कसलंच अंतर नाही! त्यांनी डोळे मिटले, तांब्या खाली आणला, काठाला सरळ तोंड लावलं आणि घटाघटा प्यायले.

डोळे उघडले तर सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"अवं बाप्पा!" हंसाबाई ओरडली. "तांब्या उष्टा केला ना! वरतून पेता नाई येत का तुमाले?"

"आंदी पानी पेत नव्हता," धावजी पोट धरून म्हणाला, "आता तांब्याच पेऊन राह्यला!"

"चुकलं. मला वाटलं..." श्रीकृष्णराव उठून उभे राहिले. हनुवटीवरून पाणी गळत होतं.

"काय वाटलं?"

हे सांगायचं तर मागचं सगळं सांगावं लागत होतं. तांब्या हातात जड झाला. "याडी, त्या दिवशी मी तुमचं पाणी घेतलं नाही. आणि कळंबला घेतलं. तिथे नियम आठवला नाही मला. इथे आठवला."

"मालूम हाय," हंसाबाई म्हणाली.

बस, एवढंच. ती रागावली नाही, माफही केलं नाही. त्यांच्या हातून तांब्या घेतला, चुलीतली राख घेतली आणि अंगणाच्या कडेला बसली.

"द्या, मी घासतो," श्रीकृष्णराव मागून म्हणाले.

तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि तांब्या पुढे सरकवला. श्रीकृष्णराव पँट सावरत उकिडवे बसले. घरी त्यांनी कधी पेलाही विसळलेला नव्हता. राख शर्टाला लागली, चष्म्याला लागली, तांब्यालाही थोडी लागली. हंसाबाईने तो उजेडात फिरवून पाहिला.

"असं घासतेत का भांडं?" म्हणाली, आणि पुन्हा घासायला बसली. तांब्या नापास झाला होता.

पूनमसिंग उठला. "चला साहेब, स्कूटर चढवू."

"अहो, आता कशाला? तुमचा ट्रक मी पाहिलाय. दसऱ्याच्या गाड्या तुम्हीच आणा, आजच सांगतो."

"नाई साहेब. तुमाले आज वाईट वाटून राह्यलं म्हनून काम नाई पाह्यजे मले. चढवा अन् पाहा. अन् मंदारभाऊच्या ट्रकवरबी पुन्हा चढवा."

स्कूटर चढली. ठोकळे लागले, गोणपाटाच्या पट्ट्या आल्या, ट्रक नाल्यातून जाऊन आला. श्रीकृष्णराव राखेने माखलेला चष्मा पुसत खाली उभे होते. स्कूटर हलली नव्हती. ते "पास" म्हणाले, पण इतक्या हळू, की पूनमसिंगला पुन्हा विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ते कळंबला गेले. मंदाररावांची स्कूटर-परीक्षा पुन्हा झाली, स्कूटर पुन्हा डावीकडे कलली आणि मंदाररावांना नवे पट्टे घ्यायला लावले. चहा आला, त्यांनी हात वर केले. मंदाररावांच्या आईंना फार लागलं. "असं काय करता, घरचं माणूस ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. श्रीकृष्णरावांनी पाणी मागितलं, तेवढं वरून प्यायले आणि निघाले.

तेव्हापासून पाणी ते सगळ्यांकडे पितात. चहा कोणाकडेच नाही. दसऱ्याला पूनमसिंगने गाड्या आणल्या. एकीवरही ओरखडा नव्हता. गाड्या उतरवून झाल्यावर रामरावांनी ट्रेमधून पाण्याचे ग्लास आणले. श्रीकृष्णरावांनी स्वतः एक ग्लास उचलून पूनमसिंगपुढे धरला आणि दुसरीकडे बघत राहिले, म्हणजे त्याचे हात वर गेलेच तर दिसायला नकोत.

ग्लास हातातून कोणीतरी घेतला. पाणी वरून प्याल्याचा आवाज आला. श्रीकृष्णरावांनी वळून पाहिलं नाही.