दोन विषयांत एकेक गुण

मुरबाडचा धाऊ आणि शहापूरचा कमळू मुंबईत एकाच खोलीत राहून कॉलेज शिकत होते. १९४१ साली दोघे इंटरच्या परीक्षेला बसले. कमळूला इंग्रजीत तीन गुण कमी पडले, तरी तो पास झाला. धाऊ दोन विषयांत एकेका गुणाने हुकला आणि नापास झाला.

तो तडक कॉलेजच्या कचेरीत गेला. “माझी बेरीज त्याच्याहून वीस गुणांनी जास्त आहे!”

कारकून म्हणाला, “सूट एकाच विषयात मिळते. दोन विषयांत नाही. नियमच आहे तसा.”

त्या दिवसापासून धाऊला कमळूचं हसणंसुद्धा खुपू लागलं.

“रागवू नको रे. माज्या वह्या घे, पुन्ना बस,” कमळू म्हणाला.

“तुजी भीक नाय पायजे मला.”

तरी कमळू वह्या ठेवूनच गावी गेला. धाऊने त्या चोरासारख्या वाचल्या आणि पुढच्या खेपेला पास झाला. कमळूला मात्र त्याने एक ओळही लिहिली नाही.

दोन वर्षांनी खर्डीला कमळूचं लग्न होतं; त्याने धाऊला आवर्जून बोलावणं धाडलं होतं. धाऊ मांडवाशी पोचला, तेवढ्यात नवरीचा मामा कुणाला तरी सांगत होता, “जावय पयल्या फटक्यात पास झालाय.”

धाऊ अक्षता न टाकताच माघारी फिरला.