हिवराची दोरी

बिरूआबा गेल्याचं मला तामलवाडीच्या बाजारात कळलं. मी पत्रकं वाटत होतो. आबांची सून काशीबाई डोक्यावर हुलग्याची पाटी घेऊन समोर आली. पत्रकासाठी तिनं हात पुढं केला नाही. म्हणाली, "आबा गेले. आकाडात. दिवस बी झाले." मी एवढंच म्हणालो की मला कुणी सांगितलं नाही. ती म्हणाली, "तुमी कुठल्या गावात असता ते कुणाला म्हाईत असतं?" त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. उरलेली पत्रकं पिशवीत कोंबली आणि तिच्यामागून डोंगराकडं चालू लागलो.

मी मुरुम गावाकडचा. काळ्या रानातला माणूस, डोंगर आम्हाला लांबून निळा दिसतो तेवढाच. निजामाच्या राज्यात पत्रकं लिहून हद्दीपलीकडं पळायचं आणि पुन्हा अलीकडं यायचं, हा माझा तीन-चार वर्षांचा धंदा. त्या येण्याजाण्यात पायथ्याच्या या वाडीत पाणी-भाकरी मिळायची ती आबांच्या दारात. धनगराचं घर, चाळीसेक मेंढरं, थोडी मुरमाड जमीन. मला ते "कागदवाल्या" म्हणायचे. "बस कागदवाल्या, कुणाचं राज्य बुडीवलंस आज?"

डोंगर वाचायचा कसा ते त्यांनीच दाखवलं. वर कड्याला धावडा आणि सालईची झाडं, तिथवर जंगलखात्याची सत्ता. कड्याखाली गवताचा उतार. त्याच्या पायाशी हुलगा-बाजरीची मुरमाड वावरं, विहिरी, वाडी, आणि मग काळी जमीन. आबा म्हणायचे, उतारावर गवत उभं असलं की पाऊस चालत उतरतो, नसलं की पळत. पळालेला पाऊस आमच्या विहिरीत थांबत नाही. खात्यानं मात्र चुना फासलेले दगड कड्यावरून हळूहळू खाली सरकवत उतारावर आणून रोवले होते. शेळी दगडापलीकडं गेली की दंड, बाईनं वाळकी फांदी उचलली की विळा जप्त. ज्यांनी त्या डोंगराचं एक पान लावलं नाही ते त्याचे मालक. तेव्हा तर मी यावरून पेटलेलाच होतो.

तीन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात मी आणि दोन सोबती सकाळी घळीच्या तोंडाशी आलो. उताराकडं जायची वाट तिथूनच. वाटेच्या दोन बाजूंना दोन हिवर, आणि एका हिवराच्या बुडाशी पांढरा दगड. दोन्ही झाडांना आडवी गवताची दोरी बांधलेली, मध्ये पळसाची पानं खोवलेली. मी म्हणालो, बघा, आता वाटसुद्धा बंद केली यांनी. विळा काढला आणि दोरी तोडली. जंगल जनतेचं, असं ओरडलोही. दगडाखाली चार पत्रकं ठेवली.

दोन दिवसांनी वाडीत आलो तेव्हा उतारावर तीन गावांची जनावरं होती. माझी छाती फुगली. आबा लेकीकडून नुकतेच परतले होते, अंगणात बसले होते. मी सांगितलं, आबा, सरकारची बंदी तोडून टाकली.

त्यांनी डोंगराकडं एकदा बघितलं. मग विचारलं, "विळ्यानं का हातानं?"

"विळ्यानं."

"ती माझी दोरी होती, लेका. बी पडलं न्हवतं अजून."

मग एकेक उलगडत गेलं... श्रावणात आबा दोरी बांधायचे, त्यांच्या आधी त्यांचे वडील बांधायचे. दोरी असेपर्यंत उतारावर कुणी जनावर घालायचं नाही. दसरा झाला की आबा रोज वर जाऊन गवताचा तुरा तळव्यानं चोळून बघायचे. बी हाताला लागेनासं झालं, म्हणजे मातीत पडलं, की गाठ सोडायची. दोरी दिसली नाही की वाट मोकळी. कुणी कुणाला विचारायचं नाही, कारण आबांशिवाय तिला कुणाचा हात लागला नव्हता. म्हणून तर तीन गावं न विचारता वर चढली. खात्याच्या दगडाला चुकवणारी माणसं त्या दोरीला मानत होती. आणि मी दगड सोडून दोरी तोडली.

मी निघालो लोकांना सांगायला. आबांनी मनगट धरलं. "तू सांगशील अन् उद्या तुला धरतील. तुला पाणी देणाऱ्या घरांना बी. गप बस."

दगडाखालची पत्रकं दारोग्याला सापडलीच. दोरी कुणी तोडली, कागद कुणी ठेवले, म्हणून त्यानं वाडी गोळा केली. आबा पुढं होऊन म्हणाले, "दोरी म्या सोडली. कागद मला वाचता येत न्हाय." चार दिवस त्यांना चौकीवर बसवून ठेवलं. ते सुटून आले, पण सगळ्यांदेखत बोललेलं वाक्य परत घेता येत नव्हतं. बी पडायच्या आत दोरी सोडणारा म्हातारा, असं लोक म्हणू लागले. पुढच्या श्रावणात त्यांनी दोरी बांधली, आठ दिवसांत कुणीतरी सोडली. त्याच्या पुढच्या वर्षी दोनच दिवसांत. शेवटच्या भेटीत त्यांनी मला दगड दाखवला होता. "सरकारचा दगड ऱ्हायला बघ. माझी दोरी गेली."

लष्कर आलं, निजामी गेली, त्याला आता वर्ष होत आलं. दगड तिथंच आहेत, चुना तेवढा नवा. त्यावर मी तीन पत्रकं लिहिली. पण त्या दिवसापासून मला कुणाची भीती नव्हती, वाडी अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होती, आणि दोरी मी तोडली हे एक वाक्य मला तिथं जाऊन बोलता आलं नाही. सभा होत्या, कामं होती... खरं म्हणजे लाज होती. आबांनी ते कधी मागितलंही नव्हतं.

आता काशीबाईमागून वाडीत पोचून मी ते पारावर बोललो. आबांचे चुलतभाऊ सटवाजी आणि चौघे-पाचजण बसले होते. कुणी शिवी दिली नाही, मला हवी होती. सटवाजी इतकंच म्हणाले, "तीन वर्सं आमी त्याला म्हातारचळ लागला म्हणलं."

काशीबाईनं आतून दोरी आणली. आबांनी खुंटीला लावून वळायला घेतलेली, अर्धी. कुणी मानत नव्हतं तरी ते वळत होते. सटवाजी पुढं वळायला बसले, पण मारवेल गवत लांबीला पुरेना. उतारावर आता वीतभराच्या वर गवत वाढतच नाही. होती तेवढीच एका हिवराला बांधली. जुन्या दोऱ्यांनी खोडावर पडलेल्या खाचेत ती नीट बसली. दुसरं टोक वाटेवर लोंबत राहिलं, पलीकडच्या झाडापर्यंत पोचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथं बसलो होतो. खालच्या गावची एक बाई चार शेळ्या घेऊन आली. लोंबणाऱ्या टोकाकडं बघून थांबली. "बंद हाय का?" तिनं विचारलं. हो म्हणायचा मला काय अधिकार? तिनं दोरीचं टोक उचलून वाटेच्या कडेला नीट ठेवलं, आणि शेळ्या वळवून ती खाली गेली.