सावळे सरांच्या दोन बादल्या

सावळे सर कुठल्याही देशाच्या नावाआधी 'आपला' लावायचे. "आपल्या बोस्नियात पुन्हा गोळीबार झाला हो," असं सकाळी पेपर वाचून चाळीच्या नळावर सांगायचे. मी म्हणायचो, "सर, तिथं प्लॉट घेतलाय का तुम्ही?" सगळे हसायचे. तेही हसायचे. नागरिकशास्त्र शिकवून रिटायर झालेला माणूस. मी चौथी शिकलेला, पण पंचवटीतल्या आमच्या चाळीच्या नळाची किल्ली माझ्याकडे होती आणि तिचा मला माज होता.

एका हिवाळ्यात स्वेटर विकणारी एक तिबेटी बाई म्हाताऱ्या बापाला घेऊन चाळीत भाड्यानं राहायला आली. त्या साली नळाला पाणी कमी येत होतं. मी सांगून टाकलं, परक्यांना नंबर नाही.

सर माझ्या दारात आले. "पांडुरंगराव, लढाईत पकडलेल्या शत्रूचंसुद्धा पाणी तोडायचं नाही, असा देशादेशांत करार आहे. ही तर घरदार सुटलेली माणसं."

"त्या करारावर माझी सही आहे का?"

"तुमच्या वतीनं देशानं केलीय."

"मग देशानंच पाणी भरावं त्यांचं!"

सर भांडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आपल्या पाळीच्या चार बादल्यांतल्या दोन तिच्या खोलीवर नेऊ लागले. गुडघे दुखायचे, तरी. माझी बायको सुमन म्हणाली, "तुम्हाला बघवतं तरी कसं?" मला बघवत होतं. खरं तेच लिहितो.

थंडी सरली. निघताना ती बाई हात जोडून माझ्यापुढं उभी राहिली. "काका, आप लोगों ने बहुत खयाल रखा." मला वाटलं, टोमणा मारतेय. तसं नव्हतं. सरांनी तिला सांगितलं होतं, इथलं पाणी नव्या माणसाला बाधतं, म्हणून चाळीनं ठरवलंय, तुमचं पाणी गाळून आम्हीच आणून द्यायचं.

मी सरांना गाठलं. "खोटं का बोललात?"

"ती पुढच्या गावी आपल्याबद्दल काय सांगेल, याची काळजी वाटली."

काही वर्षांनी सर गेले. शोकसभेत मला दोन शब्द बोलायला उभं केलं. "सर फार मोठ्या मनाचे होते," म्हणालो. पाण्याचं बोललो नाही. सुमन समोरच बसली होती. मी खाली बसेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. घरी येऊन तिनं चहा दिला.

या पावसाळ्यात तीही गेली. निदान तिच्यासमोर तरी एकदा म्हणायला हवं होतं, की चुकलो. म्हणालो नाही.