बर्फातला दहावा

बर्फ पडला की मनापासून आनंद होणारा शिकागोजवळच्या अख्ख्या नेपरव्हिलमध्ये एकच मराठी माणूस होता, आणि तो नेमका माझ्या ताईच्या गळ्यात पडला होता. शनिवारी बर्फ दिसला की बाकीची मंडळी हीटिंग वाढवून पांघरुणात शिरायची, आमचे दाजी मात्र सकाळी सातला मला शिकागोला फोन करायचे, "ऊठ रे आळशा, ट्रेन पकड! हाइकला जायचंय." मी तेव्हा एम.एस. करत होतो आणि स्वतःच्या हातची खिचडी खाऊन कंटाळलो होतो, त्यामुळे ताईच्या जेवणासाठी मी कुठेही जायला तयार असायचो. निघण्याआधी दाजी एकेकाची तयारी जातीने तपासायचे. मोज्यांवर ब्रेडच्या प्लास्टिकच्या पिशव्या, जाकिटाच्या आत वर्तमानपत्राची घडी आणि डोक्याला साताऱ्याहून आणलेली माकडटोपी. माझी नऊ वर्षांची भाची ईशा त्या टोपीच्या नावाने नुसती थयथयाट करायची. शाळेतलं कुणी दिसलं तर? "अगं, थंडी मनात असते," दाजी तिला सांगायचे. "बाबा, इट्स इन माय टोज!" ती ओरडायची.

आता इलिनॉय म्हणजे पोळपाटासारखा सपाट मुलूख, आणि ती पार्कमधली ट्रेल म्हणजे तळ्याभोवतीचा सरळ साधा रस्ता. पण दाजी असे चालायचे की पुढच्या वळणावर आता घाटच लागणार. समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाला गुड मॉर्निंग, त्याच्या कुत्र्याला वेगळं गुड मॉर्निंग, आणि कुत्र्याशी पुढचं सगळं बोलणं मराठीत, "काय रे लबाडा, जेवलास का?" एकदा एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थांना त्यांनी थंडीवर उतारा म्हणून थालीपिठाबरोबर चमचाभर लसणाची चटणी दिली. त्या भल्या माणसाने थँक यू म्हटलं आणि लगेच ओंजळभर बर्फ तोंडात कोंबला. "बघितलंस, कसा लाल झाला! आता दिवसभर थंडी वाजायची नाही त्याला," दाजी मला म्हणाले. देवाधर्माशी त्यांचा संबंध एवढाच, की देवळाच्या तळघरातल्या कँटीनमध्ये इडली चांगली मिळायची. कुणाकडे सत्यनारायण असला तर हे बरोब्बर प्रसादाच्या वेळेला हजर. खोटं बोलणं मात्र त्यांना अजिबात जमायचं नाही. ताईची भाजी खारट झाली तर भर पंगतीत सांगून मोकळे व्हायचे, आणि मग रात्रभर ताईची बोलणी खायचे.

दोन हजार तीनच्या जानेवारीत साताऱ्याला दाजींचे वडील, आप्पा, अचानक गेले. दाजी एकुलते एक. पण त्यांचा नुकताच ले-ऑफ झालेला, आणि नव्या कंपनीने व्हिसाची जी कागदपत्रं केली होती ती अजून मंजूर व्हायची होती. वकील म्हणाला, "आत्ता देश सोडलात तर परत येता येईल असं मी सांगू शकत नाही." दाजींनी भरलेली बॅग दारात ठेवली, तिच्याकडे बघत दिवसभर बसले, आणि शेवटी स्वतःच ती रिकामी केली. तिकडे अग्नी चुलतभावाने दिला. दहाव्याच्या दिवशी मी ताईकडेच होतो. सकाळीच दाजींच्या आईंचा फोन आला. साताऱ्यात तेव्हा संध्याकाळ झाली होती. माहुलीच्या घाटावर पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. जमलेल्या सगळ्यांनी आप्पांना हजार वचनं दिली, तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून टेकवला. "त्यांचा जीव तुझ्यात अडकलाय रे," आई म्हणाल्या. "तुझ्या हातचा पिंड हवाय त्यांना. तिथं ठेव. शिवला की फोन कर, मी जागीच राहते." एरवी अशा गोष्टींवर तासभर व्याख्यान देणारे दाजी फक्त "हो आई" म्हणाले.

ताईने भाताचा पिंड वळला, वर काळे तीळ घातले, आणि आम्ही चौघं त्याच ट्रेलवर गेलो. दाजी पुढे, हातात स्टीलचा डबा. एक कुत्रा ओळखीने शेपूट हलवत आला, दाजींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ईशाने कुणी न सांगता माकडटोपी घातली होती. आदल्या उन्हाळ्यात डासांमुळे पसरलेल्या कुठल्याशा रोगाने इकडचे कावळे पटापट मेले होते, पण त्या दिवशी ते आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

एका बाकावरचा बर्फ हाताने सारून दाजींनी पिंड ठेवला. आम्ही मागे जाऊन उभे राहिलो. "आप्पा, आईला एकटं पडू देणार नाही." काही नाही. "आप्पा, ईशाला मराठी वाचायला शिकवतो." ईशाही हळूच म्हणाली, "आय प्रॉमिस, आजोबा." एक खार तुरुतुरु आली, तिच्यावर दाजींनी हातमोजा भिरकावला. मग ताई पुढे झाली, "मी यांना सांभाळते, आप्पा. तुम्ही काळजी करू नका." कावळा काही दिसेना. बराच वेळ गेला, ईशाचे दात वाजायला लागले. तेव्हा दाजींनी त्या बाकासमोर बर्फातच गुडघे टेकले. "आप्पा, चुकलो मी. व्हिसा गेला असता तर गेला असता. यायला पाहिजे होतं. एकदा शिवा हो, एकदाच!" आणि हा एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. कावळा आला नाही.

घरी आल्यावर बूटही न काढता त्यांनी फोन लावला. "शिवला, आई. ठेवला आणि लगेच आला." ईशाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, ताईने तिला झटकन जवळ ओढलं. स्पीकरवर आईंचा आवाज आला, "म्हणजे रागावले नव्हते रे तुझ्यावर! उगाच घोर लागला होता जिवाला. जा, आता पोटभर जेव." दाजी "हो आई" म्हणाले आणि फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ज्या माफीसाठी त्यांचा जीव तळमळत होता ती त्यांना मिळाली होती, आणि ती त्यांना घेता येत नव्हती.

गेल्या वर्षी दाजींच्या आई गेल्या. आता ग्रीन कार्ड हातात होतं. दाजी मिळेल त्या विमानाने एकटेच गेले, सगळं स्वतःच्या हाताने केलं. दहाव्याला कावळा अगदी झटकन शिवला म्हणे. मंडळी निघायला लागली, तर यांनी आणखी एक पिंड काढून शेजारी ठेवला. "हा आप्पांचा," म्हणाले. गुरुजींनी शास्त्र सांगून बघितलं, पण ऐकतील ते दाजी कसले! शेवटी सगळे घरी परतले आणि हे घाटावर एकटेच बसून राहिले. आमच्याकडे सकाळ झाली तेव्हा त्यांचा ताईला फोन आला. मी तिच्याकडेच होतो.

"शिवला गं," दाजी म्हणाले. "आप्पांचाही."

"बरं झालं. आता जेवून घ्या," ताई म्हणाली. तिने पुढे काही विचारलं नाही. मीही नाही.