नऊ फायलींना एरर, बाकी सगळं ओके

ग्रुपमध्ये एक्सेलवर डोकं फोडणारे बरेच आहात, म्हणून विचारते.

मी तळोजाच्या एका केमिकल कंपनीत लॅबला आहे. बाहेर सोडायच्या सांडपाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्लधर्मी आहे ते मोजणारं मीटर असतं, त्याचं रीडिंग प्रत्येक शिफ्टचा ऑपरेटर वेगळ्या एक्सेल फाइलमध्ये भरतो. आज तो अख्खा फोल्डर नव्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट केला. नऊ फायलींना एरर आला. नऊच्या नऊ दुपारच्या शिफ्टच्या, आमच्या बेलपाड्याच्या पाटीलकाकांच्या.

मला वाटलं, काकांनी काहीतरी घोळ घातलाय. उघडून बघितलं तर आकड्याच्या जागी लिहिलेलं, 'मीटर बंद हाय'. सलग नऊ दिवस तेच.

काकांना विचारलं. शांतपणे म्हणाले, "ताई, मीटर बंद व्हता तर आकडा कुठून आनू? तुमीच सांगा."

पटलं. आणि तिथेच शंका आली. त्याच नऊ दिवसांच्या बाकीच्या दोन शिफ्टच्या फायली उघडल्या. एकाही फाइलला एरर नव्हता. सकाळी ७.२, रात्री ७.२, रोज ७.२. बंद मीटरवर.

साहेबांकडे गेले. एवढंच म्हटलं, "सर, काही फायलींना एरर येतोय."

मान वर न करता ते म्हणाले, "पाटलांच्या ना? त्या नऊ दिवसांत ७.२ टाका आणि द्या प्रदूषण मंडळाला पाठवून. बाकीच्यांना हात लावू नका."

नऊ दिवस, हे मी त्यांना अजून सांगितलंच नव्हतं.

दुपारपासून फोल्डर उघडा ठेवून बसलेय. तुम्हीच सांगा, नक्की कुठल्या फायली दुरुस्त करू?